सिस्टरच्या वाळक्या काड्या

माणसाला कूलर लागतो हे मला माहीत होतं. म्हशीला पंखा लावतात हेही मी तळेगावला माझ्या माहेरी पाहिलं होतं. पण काड्यांना कूलर? खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी धुण्याची बादली हातात धरून भिंतीपाशी तशीच उभी राहिले. बादलीतलं पाणी पायावर सांडत होतं, ते मला कळलंसुद्धा नाही.

मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि अशा दुपारी, सेवाग्रामातल्या आमच्या गल्लीत, भिंतीपलीकडे सिस्टर आपल्या झोपायच्या खोलीतला कूलर ढकलत ढकलत मागच्या अंगणात आणत होत्या. हिरव्या जाळीखालच्या वाफ्यासमोर त्यांनी तो उभा केला, वायर खिडकीतून ओढली, टाकीत पाणी ओतलं आणि बटण दाबलं. समोर गुडघ्याएवढ्या मूठभर काट्याच्या काड्या. पानं कोमेजलेली.

"सिस्टर! अवं, काय करून राह्यल्या तुमी?"

"दिसत नाई का? पेशंटले ताप आहे."

"आन् तुमी कशात झोपसान?"

"मी इथलीच आहे नं वं. हे महाबळेश्वरचे आहेत. पाहुण्याले उन्हात बसवतेत का?"

मी आमच्या ह्यांना बोलावून आणलं. ह्यांचं किराण्याचं दुकान, दिवसभर तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहून मुरलेला माणूस. तेही भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, "बाप्पा!" बस, तेवढंच. आणि दुकानात परत गेले.

सिस्टर गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांचं नाव कुसुम होतं, हे गल्लीतल्या कित्येकांना त्या दिवशी कळलं. सारी नोकरी दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरमध्ये. रिटायर झाल्यावर पांढरी साडी गेली, रंगीत आली. पण पदर असा पिन केलेला की वावटळीतही हलायचा नाही. ठेंगण्या, काटक, चालताना चपलेचा आवाज नाही. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं, कारण माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ड्युटी होती." आणि पुढचं काम करू लागल्या. थट्टा केली की खरं सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यांच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "हात धुतले का?" नमस्कार नाही, या-बसा नाही. वाफ्याजवळ जायचं तर कोपरापर्यंत साबण. एकदा दवाखान्यातले एक मोठे डॉक्टर त्यांना भेटायला आले, आणि उत्साहाने एका काडीचं पान चुरगाळून वास घ्यायला लागले. सिस्टरांनी त्यांच्या हातावर चापट मारली. खरंच मारली, मी समोर होते! डॉक्टर लहान पोरासारखे नळाकडे गेले. काड्या छाटायची कात्री त्या जुन्या कुकरात उकळायच्या. काड्या तारेला बांधायच्या त्या बँडेजच्या पट्टीने, आणि गाठ अशी की काडी हलेल पण सुटणार नाही. वाळकी काडी काढली की म्हणायच्या, "डिस्चार्ज."

आता ही रासबेरी, म्हणजे त्या कूलरसमोरच्या काट्याच्या काड्या, आली कुठून? रिटायर झालेल्या सगळ्या नर्सबाया मिळून महाबळेश्वरला सहलीला गेल्या होत्या. तिथे सिस्टरांनी रासबेरी खाल्ली आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं. मला म्हणाल्या होत्या, "जल्मभर लोकायच्या पोटात काय काय पाह्यलं सुनंदे, पण असं लालचुटूक काई पाह्यलं नाई." ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी रोपं आणली. होळी झाली आणि रोपं गेली. पुढच्या वर्षी एकट्या जाऊन पुन्हा आणली. तीही गेली. गल्लीत लोक उघड म्हणायला लागले, सिस्टर बह्याड झाली, वेडी झाली. तिसऱ्या वेळची रोपं त्या कूलरवर जगली.

"एकदा माह्या अंगणातली रासबेरी खाईन," त्या म्हणायच्या, "मंग यमानं यावं. तोवर त्याले बाहेर बाकड्यावर बसवजो." हे त्या हसत म्हणायच्या, पण बोलताना वाफ्याकडे पाहायच्या तेव्हा हसू नसायचं. बाईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट मला माहीत आहे.

त्या झाडाची तऱ्हा मला त्यांनीच शिकवली. रासबेरीच्या काडीचा जन्म दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, हिरवीगार, डोक्याच्या वर जाते, पण फळ नाही. हिवाळ्यात पानं झडतात, काडी तपकिरी पडते, साल सुटते, अगदी मेल्यासारखी दिसते. आणि त्याच मेल्यासारख्या काडीवर पुढच्या उन्हाळ्यात फळ येतं. फळ झालं की मग ती खरंच मरते, तिला जमिनीलगत कापायची. तोवर बाजूने नवी हिरवी उगवलेली असते. "वाळली म्हणून उपटली," सिस्टर बोट रोखून सांगायच्या, "त वर्षाचं सारं गेलं."

नामूभाऊ म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, अल्लीपूरचे. अंगाने दांडगे, आवाजाने मऊ. साऱ्या आयुष्यात त्यांनी कापूस, म्हणजे त्यांच्या बोलीत पऱ्हाटी, सोडून दुसरं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. एसटीने यायचे, पिशवीत वांगी, तुरीच्या शेंगा, आणि बहिणीचा वाफा पाहून दर वेळी तेच वाक्य, "ताई, यापरीस दोन ओळी पऱ्हाटीच्या लावल्या असत्या त उशा तरी भरल्या असत्या." सिस्टर म्हणायच्या, "हात धुतले का?" इतकं झालं की दोघं चहा प्यायचे.

मग नामूभाऊंना छातीचा त्रास झाला. जीव वाचला. पण पोरांनी वावर हातात घेतलं. पोरं वाईट नव्हती हो, काळजीनेच म्हणाली, बाबा, आता तुम्ही शेताच्या धुऱ्यावर, बांधावरही यायचं नाही. झालं. तेव्हापासून नामूभाऊ वरचेवर येऊ लागले. सिस्टरांच्या पायरीवर बसायचे आणि आपलेच तळहात उलटेसुलटे करून पाहायचे. मी चहा नेऊन दिला तर म्हणायचे, "वहिनी, माणसाले काई काम नसलं त दिवस लय मोठा होते." मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात रासबेरी अशी उठली की काय सांगू! भिंतीच्या वर शेंडे आले. सिस्टर रोज शेंडे मोजायच्या. आता हिवाळा निघाला की फळ. पण सेवाग्रामची थंडी महाबळेश्वरच्या पेशंटला पुरेल का, ही त्यांना धास्ती. म्हणून डिसेंबरात त्यांनी बर्फ मागवला. लग्नांना बर्फ पुरवणाऱ्या माणसाची गाडी दारात उभी राहिली. लोक स्वेटर घालून शेकोटीभोवती बसलेले, आणि या बाई तागाच्या पोत्यात बर्फाच्या लाद्या गुंडाळून काड्यांच्या बुडाशी मांडतात! बर्फवाला मला हळूच विचारतो, "भाभीजी, अंदर कोई गुजर गया क्या?"

त्याच बर्फाच्या पाण्यावरून एका सकाळी सिस्टरांचा पाय घसरला. कंबरेचं हाड मोडलं. मी धावत गेले तर जमिनीवर पडल्या पडल्या मलाच ऑर्डर, "रडू नको. मले उचलू नको. गाडी बोलाव. आन् सुनंदे, पाणी कमी देजो, झोपल्या आहेत त्या." वेदनेने ओठ पांढरे पडले होते आणि सांगत काय होत्या, तर काड्यांचं.

दवाखान्यात त्यांना बरेच दिवस राहावं लागलं. नामूभाऊ घर सांभाळायला आले, रोज डबा न्यायचे. वाफ्याचं त्यांना काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच वाटली नाही. ते कधी त्या वाफ्यात पाय घालत नसत. पाणी मी घालत होते. फेब्रुवारीत माझ्या भावाचं लग्न निघालं आणि मी तळेगावला गेले. परत आले त्या संध्याकाळी कळलं, सिस्टर नुकत्याच, अंधार पडल्यावर घरी आल्या. सकाळी त्यांना आंघोळ घालायला म्हणून मी मागच्या दाराने त्यांच्या अंगणात शिरले.



वाफा नव्हता. म्हणजे वाफा होता, पण त्यात काही नव्हतं. माती भुसभुशीत, ढेकूळ नाही, वरून शेणखताचा थर, चारही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. हिरवी जाळी घडी करून ठेवलेली. कोपऱ्यात चूल पेटलेली, तिच्यावर पाण्याचं भगोणं, आणि चुलीशी नामूभाऊ. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचं तोंड असं उजळलेलं पाहिलं. बाजूला अल्लीपूरहून आणलेला, कापसाची वाळली झाडं, पऱ्हाटी, उपटायचा लोखंडी चिमटा. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात न्हाणीतून हाक आली, "सुनंदे, पाणी आण!"

आता काय करू? पाणी नेलं. सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या, कंबर ताठ ठेवून. मी अंगावर पहिला तांब्या ओतला. दवाखान्यातल्या स्पंजनंतर ते कढत पाणी लागलं तशी बाई अशी सुखावली! डोळे मिटून म्हणाल्या, "नामू, पाणी मस्त तापलं रे. लाकडं कुठून आणली?"

मी तांब्या घट्ट धरला.

दाराबाहेरून नामूभाऊंचा आवाज आला, "लाकडं कायले आणाची, ताई? तुह्याच वाफ्यातली पऱ्हाटी. सारी वाळून गेलती. तुले वाकता येनार नाई म्हणून मीच उपटली, मुळासकट. खत टाकलं. तू बाहेर येऊन पाह्य त खरं, वावर कसं आरशावानी झालं!"

 सिस्टरांच्या केसांतून पाणी निथळत होतं. सिस्टरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. खरं आहे का, असं त्या मला विचारत होत्या, आणि मला मान हलवावी लागली. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मी म्हटलं, आता बॉम्ब फुटतो. ज्या बाईने डॉक्टरच्या हातावर चापट मारली, ती आता भावाचं काय करेल!

त्यांनी समोरच्या वाफाळत्या पाण्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून तांब्या घेतला, भरला, आणि स्वतःच्या हाताने खांद्यावर ओतला.

"बरं केलं रे नामू," त्या म्हणाल्या. "मले त वाकताच आलं नसतं."

 त्यांनी माझं मनगट पकडलं, अशी पकड की बांगडी रुतली, आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "त्याले सांगशील त याद राख."

भाऊ अल्लीपूरला गेले तसा माझा बांध फुटला. मी म्हटलं, "काऊन नाई सांगितलं? एवढ्या वर्षांची मेहनत, कूलर काय, बर्फ काय, कंबर मोडून घेतली! आन् तुमी म्हणता बरं केलं?" सिस्टर खिडकीतून त्या रिकाम्या वाफ्याकडे पाहत होत्या. "त्याचा आवाज ऐकला का तू?" त्या म्हणाल्या. "पोरायनं वावर घेतल्यापासून असा बोलला होता का तो? दिवसभर चिमटा चालवला त्यानं. छाती दुखली नाई, काई नाई." मग डोळ्याला पदर लावला. मी पाहिलं तर म्हणाल्या, "साबण गेला." आंघोळ होऊन चार तास झाले होते!

मला राग आला होता. आजही येतो. भावाला दोन शब्द सांगितले असते तर आभाळ कोसळलं नसतं. पण त्या बाईला कोण शिकवणार?

पाऊस सुरू झाला आणि एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, तीही अशी की मला वाटलं पुन्हा पडल्या. धावले. सिस्टर वॉकर धरून वाफ्याच्या काठाशी उभ्या आणि बोट मातीकडे. मातीतून हिरवे कोंब आलेले, इथे एक, तिथे दोन. मुळांचे तुकडे मातीत राहिले होते आणि नामूभाऊंचं शेणखत त्यांना मानवलं होतं. मी हरखून टाळ्याच वाजवल्या.

सिस्टर म्हणाल्या, "हात धू. फावडं घे. सारे काढ आन् तुह्या अंगणात लाव."

"माझ्या? आन् इथं काय?"

"इथं पऱ्हाटी."

 पण बाईने केलं तसंच. रासबेरी माझ्या मागच्या अंगणात आली, कूलरची जागा आखून दिली गेली, आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. आणि सिस्टरांच्या त्या लाडाच्या वाफ्यात सरकी टोबली. नामूभाऊ आले तेव्हा कापसाला दोन पानं होती. ते खाली बसून पाहतच राहिले. "ताई, कापूस काऊन लावला वं?"

"वाती कराले. विकतच्या चांगल्या जळत नाई."

मग काय विचारता! नामूभाऊ दर आठवड्याला. निंदण, डवरणी, बोंडअळी, सारं चार हात वाफ्यात. दिवाळीला पहिली वेचणी झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले त्यांनी. इकडे माझ्या अंगणात हिवाळ्यात बर्फ पडत होता, आणि आता बर्फवाला मला विचारत होता, "भाभीजी, आप भी?" माझ्या अंगणाशी नामूभाऊंचं काही काम नव्हतं. ते कधी आले नाहीत, सिस्टरांनी येऊ दिलं नाही. वेचणी संपल्यावर ते चिमटा घेऊन उपटायला निघाले, तर सिस्टरांनी त्यांना गुढीपाडव्यापर्यंत थोपवलं. म्हणे, अजून बोंडं आहेत. एक बोंड नव्हतं. सिस्टरांना भावाचं ते काम रासबेरी पिकण्याच्या दिवसांत हवं होतं, म्हणजे भाऊ तिकडे गुंतलेला असेल आणि या इकडे निवांत बसतील.

आणि पिकली. वाळक्या काड्यांना बाजूने कोवळे फाटे फुटले, पांढरी फुलं आली, बुलबुलांपासून वाचवायला मी माझ्या दोन चांगल्या साड्या पांघरल्या, आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी पहिली फळं लाल झाली. मी तोडायला गेले तर माझ्याही हातावर चापट. "ओढाचं नाई. पिकलं की बोटाले लावल्याबरोबर सुटून येते."

त्या सकाळी नामूभाऊ भिंतीपलीकडे पऱ्हाटी उपटत होते. सिस्टर माझ्या अंगणात खुर्ची टाकून काड्यांसमोर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलची ताटली. एकेक फळ बोटाने नुसतं टेकवायच्या, आणि ते सुटून तळहातावर यायचं, आतून पोकळ, टोपीसारखं. ताटलीत मूठभर झाली तरी त्यांनी तोंडात एकही टाकलं नव्हतं. एक फळ चिमटीत धरून नुसत्या पाहत होत्या. मीच अधीर झाले, "अवं खा नं आता!"

तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. "वहिनी, तुमच्या पाण्याले सरपण आणलं!" डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन नामूभाऊ आत शिरले. इतक्या दिवसांत एकदाही न आलेला माणूस, आणि आज आला तो मला भेट द्यायला!

ते थांबले. आधी ताटली पाहिली, मग बहीण, मग काड्या. शेतकऱ्याच्या डोळ्याला सांगावं लागत नाही. तपकिरी, साल सुटलेली, अंगठ्याएवढी काडी, आणि तिच्या अंगावर लाल फळ. भारा डोक्यावरून कधी घसरला ते त्यांना कळलं नाही. ते पुढे आले, हात लावला, काडी वरपासून बुडापर्यंत पाहिली. मी तोंडातून शब्द काढला नाही, देवाशपथ. सिस्टरांनीही नाही.

"वाळल्या काडीवर येते हे?" ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "ताई, वाळल्या काडीवर येते?"

सिस्टरांनी मांडीवरची ताटली खाली मातीत ठेवली.

नामूभाऊंच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं. त्यांची छाती आठवली आणि मी स्टूल आणायला धावले, पण ते तोवर जमिनीवरच बसले होते.

"त्या पाण्यानं तू आंघोळ केली?" नामूभाऊंनी विचारलं.

"मंग? थंड्या पाण्यानं करू का?" सिस्टर म्हणाल्या.

एवढा मोठा माणूस, कपाळावर मुठी मारून रडायला लागला. "सांगाचं होतं नं वं, ताई! एक बार सांगाचं होतं!" सिस्टरांनी वॉकर बाजूला सारला, खुर्चीचा हात धरून हळूहळू त्याच्याजवळ खाली उतरल्या, डॉक्टरांनी त्यांना खाली बसायला साफ मनाई केली होती. चिमटीतलं ते पहिलं फळ त्याच्या तोंडाशी नेलं. तो मान हलवत होता, "नाई, पहिले तू, पहिले तू."

"तोंड उघड," सिस्टर म्हणाल्या, आणि तो आवाज असा होता की माझंही तोंड उघडलं.

त्याने खाल्लं. रडत रडत चावलं. म्हणाला, "आंबट आहे वं."

सिस्टर हसल्या. मग दुसरं फळ स्वतःच्या तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी पाणी आणायला आत गेले. परत येऊन दारातून पाहते तर दोघं तशीच मातीत बसलेली, त्या त्याला एकेक फळ भरवत होत्या. दुसऱ्या हाताची बोटं भावाच्या मनगटावर होती, आणि ओठ हलत होते. त्या त्याची नाडी मोजत होत्या.